वॉशिंग्टनमधला खांदेपालट कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा: “अमेरिकेत आघाडी सरकार नाही, खात्यांवरून रुसवेफुगवे नाहीत, पालकमंत्रिपदाची भांडणं नाहीत. तरी अधूनमधून ‘मंत्रिमंडळात फेरबदल’ अशी बातमी येतेच. तिथला राष्ट्राध्यक्ष हवा तो मंत्री आणि हवं ते खातं करू शकतो का? करू शकत असेल तर मग सिनेटची मंजुरी कशाला? आणि तिथल्या सेक्रेटरीला मराठीत ‘सचिव’ म्हणायचं की ‘मंत्री’?”

एका मराठी दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय डेस्कवर मी चोवीस वर्षं काढली. ‘फेरबदल’ हा शब्द मथळ्यात किती वेळा चढवला असेल, मोजदाद नाही. दोन कॉलमांत नेमका बसतो आणि वाचकाला लगेच कळतो. पण तिकडच्या तीन अगदी वेगवेगळ्या गोष्टी आम्ही या एकाच शब्दात कोंबतो. मंत्री बदलला तरी फेरबदल, खातं मोडलं किंवा नवं काढलं तरी फेरबदल, आणि एखाद्या अधिकाऱ्याला मंत्र्यांच्या टेबलाशी खुर्ची दिली तरी फेरबदलच.

आधी आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात ३९ मंत्र्यांनी १५ तारखेला शपथ घेतली, खातेवाटप झालं २१ तारखेला. मधले सहा दिवस सगळे मंत्री बिनखात्याचे होते. हिवाळी अधिवेशन त्यातच उरकलं. का, ते सांगायला नको. आपल्याकडे माणूस हलवणं अवघड असतं, कारण त्याच्यामागे पक्ष, गट, जिल्हा, जात आणि आमदारांची संख्या उभी असते. खातं हलवणं मात्र सोपं. ६ जुलै २०२१ ला दिल्लीत सहकार मंत्रालय जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशीच्या विस्तारात ते अमित शहांकडे गेलं. संसदेत विधेयक नाही, चर्चा नाही. कामकाज वाटपाच्या नियमांत एक दुरुस्ती, की मंत्रालय तयार.

अमेरिकेत हे बरोब्बर उलटं आहे. तिथे मंत्री एका फोनवर जातो. खातं मात्र दोन-दोन राष्ट्राध्यक्षांनी जंग जंग पछाडूनही हलत नाही.

माणसापासून सुरुवात करू. १३ मार्च २०१८. आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा वाजून गेले होते, पानांची आखणी नुकतीच लागली होती. डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर लिहिलं, की सीआयएचे संचालक माइक पॉम्पिओ हे नवे परराष्ट्रमंत्री होतील. मग रेक्स टिलरसन यांचं काय? त्यांच्या वाट्याला आभाराचं एक वाक्य. टिलरसन त्याच पहाटे आफ्रिकेचा दौरा आवरता घेऊन परतले होते. थोड्या वेळाने त्यांच्याच खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने निवेदन दिलं, की साहेबांचं राष्ट्राध्यक्षांशी बोलणं झालेलं नाही आणि कारणही त्यांना ठाऊक नाही. या निवेदनापायी तो अधिकारीही त्याच दिवशी गेला. आमच्या डेस्कवरच्या नव्या मुलाने विचारलं, “राजीनामा दिला लिहू, की राजीनामा घेतला?” मी म्हटलं, सरळ ‘हटवलं’ लिही.

त्या बातमीतला खरा मजकूर मात्र आम्ही शेवटच्या परिच्छेदात ढकलला होता. पॉम्पिओ परराष्ट्र खात्यात गेले म्हणजे सीआयए रिकामी झाली. तिथे जीना हॅस्पेल यांचं नाव आलं. एक खुर्ची हलली की मागच्या दोन हलतात, आणि दोन्ही ठिकाणी सिनेटचं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचं, मत लागतं. पॉम्पिओंना ते मिळालं २६ एप्रिलला, ५७ विरुद्ध ४२. काढायला एक सकाळ, बसवायला सहा आठवडे. तुमच्या प्रश्नातला ‘मग सिनेट कशाला’ हा भाग इथे सुटतो: नेमताना सिनेटची संमती लागते, काढताना लागत नाही.

हा ‘काढताना लागत नाही’ नियम मात्र फुकट मिळालेला नाही. राज्यघटना याबाबत गप्प आहे. १७८९ मध्ये पहिल्याच काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, यावर वाद झाला. ज्याच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते त्याला काढायलाही लागावी, असं अनेकांचं म्हणणं होतं. सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने कौल दिला. पुढे १८६७ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचे हात बांधण्यासाठी कायदाच केला, की सिनेटच्या परवानगीशिवाय मंत्री काढायचा नाही. जॉन्सन यांनी २१ फेब्रुवारी १८६८ ला युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढलं. स्टँटन उठलेच नाहीत. कार्यालयाचं दार आतून लावून घेतलं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच मुक्काम ठोकला, जेवणखाण-झोप सगळं तिथेच. तीन दिवसांत जॉन्सन यांच्यावर महाभियोग आला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली, म्हणजे पदावरून काढायला लागणाऱ्या दोन तृतीयांशाला एक मत कमी. ते एक मत मिळतं तर आज अमेरिकी मंत्रिमंडळाची जात वेगळी असती. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोस्टमास्तरच्या खटल्यात राष्ट्राध्यक्षांचा काढण्याचा अधिकार पक्का केला. एवढा मोठा घटनात्मक प्रश्न सुटला तो पोस्टमास्तरच्या नोकरीवरून, हे मला फार आवडतं.

नेमणुकीच्या टोकाला सिनेट खरंच अडवते का? उघड मतदानात क्वचितच. शेवटचं नाव पडलं ते १९८९ मध्ये, संरक्षणमंत्रिपदासाठी जॉन टॉवर, ४७ विरुद्ध ५३. टॉवर स्वतः माजी सिनेटर होते, म्हणजे घरच्याच मंडळींनी पाडलं. पण नाव पडणं म्हणजे फक्त मतदान हरणं नव्हे. मतं जमत नाहीत असं दिसलं की नाव आधीच मागे घेतलं जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅट गेट्झ यांचं नाव ॲटर्नी जनरलपदासाठी (न्याय खात्याचा प्रमुख) जाहीर झालं आणि आठ दिवसांत मागे गेलं. दरम्यान त्यांनी प्रतिनिधिगृहाची जागा सोडली होती. तेलही गेलं, तूपही गेलं. दुसऱ्या टोकाला परराष्ट्रमंत्रिपदासाठी मार्को रुबिओ, ९९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर. आणि मधल्या कड्यावर संरक्षणमंत्रिपदासाठी पीट हेगसेथ: ५०-५०, मग उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचं निर्णायक मत. मंत्र्याच्या नेमणुकीसाठी उपराष्ट्राध्यक्षाला मत टाकावं लागलं असं याआधी एकदाच झालं होतं, २०१७ मध्ये बेट्सी डिव्हॉस यांच्या वेळी.

आणि सिनेट मान्यता देतच नसेल तर? तर ‘प्रभारी’. १९९८ च्या रिक्त पदांच्या कायद्याने प्रभारी मंत्र्याला साधारण २१० दिवसांची मुदत आहे. पण नाव सिनेटकडे पाठवलेलं असेल तोवर मुदत पुढे सरकते, आणि काही खात्यांच्या स्वतःच्या कायद्यांत वेगळ्या पळवाटा आहेत. बायडेन यांच्या काळात कामगारमंत्री मार्टी वॉल्श मार्च २०२३ मध्ये गेले. त्यांच्या जागी ज्युली सू आल्या, सिनेटमध्ये मतं जमली नाहीत आणि त्या शेवटपर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, प्रभारीच राहिल्या. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत प्रभारी ठेवण्यात मजाच मानली. प्रभारी माणसाला उद्याची खात्री नसते, त्यामुळे तो जास्त ऐकतो. आपल्याकडच्या कोणत्याही प्रभारी मुख्याध्यापकाला विचारा.

आता एक गोष्ट, जी मराठी वाचकाला सगळ्यात चमत्कारिक वाटते. आपल्याकडे सभागृहाबाहेरचा माणूस मंत्री झाला तर सहा महिन्यांत त्याला सदस्य व्हावं लागतं. अमेरिकेत मंत्री व्हायचं तर सदस्यत्व सोडावं लागतं. दोन्ही एकदम नाही, घटनेतच लिहिलं आहे. समजा, मूळचे बेळगावकडचे आणि मराठी बोलणारे श्री ठाणेदार, जे मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत, त्यांना उद्या कुणी मंत्री केलं, तर डेट्रॉइटची जागा त्यांना सोडावी लागेल आणि तिथे पोटनिवडणूक होईल. म्हणून आकड्यांचं राजकारण तिथेही आहेच, फक्त त्याची दिशा उलटी. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एलिस स्टेफानिक यांचं संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदासाठीचं नाव मागे घेतलं. त्या नावडत्या झाल्या होत्या म्हणून नव्हे. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांचं बहुमत इतकं काठावरचं होतं, की एक जागा रिकामी होणं परवडणार नव्हतं.

सदस्यत्व नसल्याचा मोठा परिणाम असा, की तिथल्या मंत्र्याला स्वतःचं घर नसतं. सी. डी. देशमुख आठवा. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर ते अर्थमंत्रिपदावरून उतरले, आणि का उतरलो ते लोकसभेत उभं राहून, पंतप्रधानांसमोर, सगळ्या देशाला सांगितलं. अमेरिकी मंत्र्याला ही सोयच नाही. तो सभागृहात बसत नाही. समितीपुढे येतो तो साक्षीदार म्हणून, हात वर करून. राजीनामा दिला की पत्र लिहायचं आणि घरी जायचं. डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी असं एक पत्र लिहिलं होतं. मित्रदेशांचा मान राखण्याबद्दल त्यात बरंच होतं, आणि तुमच्या मतांशी जुळणारा संरक्षणमंत्री तुम्हाला मिळायला हवा असंही. सभ्य भाषेत इतकं झणझणीत फार थोड्यांना लिहिता येतं. पण परिणाम? त्यांनी फेब्रुवारीअखेर जायचं ठरवलं होतं, ट्रम्प यांनी जानेवारीलाच घरी पाठवलं.

इथे माझी एक जुनी चूक कबूल करतो. एका व्यापारविषयक निर्णयाच्या बातमीला मी मथळा दिला होता, ‘अमेरिकी मंत्रिमंडळाची मंजुरी’. चौथ्या दिवशी एका निवृत्त प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. बारीक अक्षर, एकच ओळ: “हे मंत्रिमंडळ मंजुरी देते कधी, ते कळवावे.” मी दिवसभर शोधलं आणि कार्डाला उत्तर देण्याचं टाळलं. तिथे मंत्रिमंडळ मंजुरी देतच नाही. ते मतदान करत नाही, ठराव करत नाही, सामूहिक जबाबदारी घेत नाही. घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात ‘मंत्रिमंडळ’ म्हणून संस्थाच नाही. राष्ट्राध्यक्ष खातेप्रमुखांचं मत लेखी मागवू शकतो, एवढंच आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुरुवातीला सल्ल्यासाठी सिनेटचं दार ठोठावलं होतं. ऑगस्ट १७८९ मध्ये क्रीक जमातीशी करायच्या तहावर विचारायला ते स्वतः सभागृहात गेले. सिनेटरांनी कागदपत्रं समितीकडे पाठवू म्हणताच भडकले. त्यानंतर त्यांनी जेफरसन, हॅमिल्टन, नॉक्स आणि रँडॉल्फ या चौघांना जवळ बसवायला सुरुवात केली. चौघांपैकी दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, पण मंत्रिमंडळ नावाची प्रथा पडली ती तिथून. प्रथा, कायदा नव्हे.

त्यामुळे त्या बैठकीला राष्ट्राध्यक्षाला वाटेल तेवढंच महत्त्व. ऑगस्ट २०२५ ची एक बैठक तीन तासांहून जास्त चालली, सगळी कॅमेऱ्यांसमोर, आणि त्यातला मोठा भाग मंत्र्यांनी आळीपाळीने राष्ट्राध्यक्षांचं कौतुक करण्यात गेला. गणेशोत्सव मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव येतो, तो तीन तास चालला तर कसं वाटेल, तसं. खरे निर्णय त्याआधी, दोन-चार माणसांत झालेले असतात.

मंत्र्यांच्या एकत्रित मताला किंमत आहे ती एकाच ठिकाणी. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीच्या चौथ्या कलमानुसार उपराष्ट्राध्यक्ष आणि खातेप्रमुखांचं बहुमत मिळून ‘राष्ट्राध्यक्ष काम करण्यास असमर्थ आहेत’ असं लेखी कळवू शकतात. हे कलम आजवर वापरलेलं नाही. पण ते आहे, आणि मंत्री निवडताना कोणताही राष्ट्राध्यक्ष ते पूर्ण विसरत असेल असं मला वाटत नाही.

प्रादेशिक समतोल तिथेही असतो, आपल्याइतका उघड नसतो. सार्वजनिक जमिनींचं खातं (‘इंटिरियर’) बहुतेक वेळा पश्चिमेकडच्या राज्यातल्या माणसाकडे जातं: कोलोरॅडो, मोंटाना, न्यू मेक्सिको, नॉर्थ डकोटा. शेतीखात्यात शेतीप्रधान राज्यातला. कधी विरुद्ध पक्षाचा एखादा: क्लिंटन यांच्याकडे विल्यम कोहेन, धाकट्या बुश यांच्याकडे नॉर्मन मिनेटा, ओबामांनी कायम ठेवलेले रॉबर्ट गेट्स. विदर्भाला काय मिळालं, कोकणाला काय, हा हिशेब तिथले वार्ताहरही मांडतात. पण त्यावरून सरकार पडत नाही.

आता खऱ्या अर्थाने घाऊक खांदेपालट. असे थोडेच झाले. १८३१ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांचं मंत्रिमंडळ एका मंत्र्याच्या बायकोला बाकी मंत्र्यांच्या बायका घरी बोलावत नाहीत, या कारणावरून फुटलं आणि पोस्टमास्तर जनरल तेवढे उरले. दहा वर्षांनी जॉन टायलर यांचं अख्खं मंत्रिमंडळ बँकेच्या प्रश्नावर बाहेर पडलं, डॅनियल वेबस्टर सोडून. पण अभ्यासायचा असेल तर १९७९ चा जुलै घ्या, कारण त्याचे धक्के वॉशिंग्टनच्या बाहेर लांबवर गेले.

पेट्रोलपंपांवर रांगा, महागाई दोन आकडी. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दहा दिवस कॅम्प डेव्हिडला, राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी, जाऊन बसले, निरनिराळ्या लोकांना बोलावून ऐकत राहिले. १५ जुलैला त्यांनी देशाच्या आत्मविश्वासाच्या संकटावर भाषण केलं. लोकांना ते आवडलं होतं, हे आता कुणाला आठवत नाही. दोनच दिवसांत, १७ जुलैला, सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे पुढे केले. व्हाइट हाउसला वाटलं, यातून खंबीरपणा दिसेल. बाहेरच्यांना दिसलं, की सरकार कोसळलं. संसदीय पद्धतीची सवय असलेल्या युरोपात आणि बाजारांत याचा अर्थ तसाच लागला, आणि डॉलर घसरला. शेवटी पाच मंत्री गेले: आरोग्य-शिक्षणाचे जोसेफ कॅलिफानो, अर्थखात्याचे मायकेल ब्लुमेंथाल, ऊर्जेचे जेम्स श्लेसिंजर, वाहतुकीचे ब्रॉक ॲडम्स आणि ॲटर्नी जनरल ग्रिफिन बेल. बेल तसेही जायच्या बेतात होते.

हा फेरबदल मला शिकवण्याजोगा वाटतो तो पुढच्या साखळीमुळे. अर्थखातं रिकामं झालं. तिथे कुणाला आणायचं? कार्टर यांनी मध्यवर्ती बँकेचे प्रमुख विल्यम मिलर यांना आणलं. मग मध्यवर्ती बँक रिकामी झाली. बाजाराला शांत करायचं तर वजनदार नाव हवं, म्हणून न्यूयॉर्कच्या शाखेचे पॉल व्होल्कर आले. व्होल्कर यांनी महागाई मोडण्यासाठी व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेले. महागाई काही वर्षांत मोडली. त्याआधी कार्टर १९८० ची निवडणूक हरले. मंत्रिमंडळाची घडी बसवायला निघालेल्या माणसाने एका रिकाम्या खुर्चीपायी आपल्याच पराभवाला हातभार लावला, आणि देशाचं अर्थकारण मात्र मार्गी लागलं. त्या दिवशीच्या बातमीत यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून नव्या उपसंपादकांना मी सांगतो: गेला कोण यापेक्षा, ज्याला आणलं तो कुठून उचलला ते पाहा.

यातले श्लेसिंजर हे गृहस्थ विलक्षण. १९७५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचे संरक्षणमंत्री होते. त्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी फोर्ड यांनी त्यांना काढलं. त्याच झटक्यात सीआयएचे कोल्बी गेले आणि थोरले बुश आले. किसिंजर यांच्याकडे परराष्ट्र खातं आणि सुरक्षा सल्लागारपद अशा दोन टोप्या होत्या, त्यातली दुसरी गेली. रम्सफेल्ड संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या जागी व्हाइट हाउसची चावी, म्हणजे चीफ ऑफ स्टाफचं पद, चौतीस वर्षांच्या डिक चेनी यांच्या हाती आली. एका रविवारच्या आवराआवरीतून पुढच्या तीस वर्षांच्या रिपब्लिकन राजकारणाची नावं निघाली. आणि श्लेसिंजर? रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाने काढलेले, डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षाने घेतलेले आणि त्यानेही चार वर्षांच्या आत निरोप दिलेले. (दोन टोप्यांचा प्रयोग मे २०२५ मध्ये परत झाला. परराष्ट्रमंत्री रुबिओ यांच्याकडे सुरक्षा सल्लागारपदाचाही कारभार आला. त्या दुसऱ्या पदाला सिनेटची मंजुरी लागत नाही, म्हणून ते भरणं-काढणं अगदी सोपं.)

माणसांचं झालं. आता खाती. ती पंधरा आहेत आणि प्रत्येकाच्या मागे कायदा आहे. आपल्याकडे एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सदस्यसंख्येच्या पंधरा टक्के ही मर्यादा घातली, म्हणून महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून ४३ आणि चाळीस आमदारांच्या गोव्यात किमान संख्येच्या नियमाने १२. अमेरिकेत टक्केवारी नाही. नवं खातं हवं तर काँग्रेसला पटवा, जुनं नको असेल तरीही काँग्रेसलाच पटवा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर देशात दुसरा विषय नव्हता, तरी अंतर्गत सुरक्षा खात्याचा कायदा व्हायला नोव्हेंबर २००२ उजाडला. बावीस वेगवेगळ्या यंत्रणा त्यात ओतल्या: सीमाशुल्क, तटरक्षक दल, आपत्ती निवारण, अगदी राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक पुरवणारी सीक्रेट सर्व्हिससुद्धा, जी आधी अर्थखात्यात होती. नव्या खात्याला जुन्या खात्यांची माणसं द्यायची म्हणजे काय, हे ज्याने पंचायत समितीतली एक शाखा दुसऱ्या विभागाकडे वर्ग होताना पाहिली आहे त्याला नीट कळेल. टेबल-खुर्च्यांपासून ज्येष्ठतेच्या यादीपर्यंत सगळं भांडण.

मोडण्याची कथा तर याहून रंजक. शिक्षण खातं कार्टर यांच्या काळात १९७९ च्या कायद्याने आरोग्य खात्यापासून वेगळं झालं. रेगन ते बंद करू म्हणून १९८० मध्ये निवडून आले. आठ वर्षं राहिले. खातंही राहिलं. २० मार्च २०२५ रोजी ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये शाळकरी मुलांना बाकांवर बसवून, त्यांच्यासमोर खातं गुंडाळण्याच्या आदेशावर सही केली. आमच्याकडे अनेकांनी ‘अमेरिकेत शिक्षण खाते बंद’ असं छापलं. बंद नाही. जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांच्या कपातीचा निर्णय झाला, कामं दुसरीकडे वळवता येतात, पण पाटी काढायला काँग्रेसचा कायदा हवा. तीच गोष्ट सप्टेंबर २०२५ च्या ‘युद्ध खात्या’ची. आदेशात ते संरक्षण खात्याचं दुय्यम नाव म्हणून आहे. कायद्यातलं नाव संरक्षण खातंच.

पूर्वी राष्ट्राध्यक्षांना खात्यांची फेररचना प्रस्तावित करण्याचा खास अधिकार काँग्रेस ठरावीक मुदतीसाठी देत असे. तो १९८४ मध्ये संपला आणि पुन्हा दिला गेला नाही. ओबामांनी जानेवारी २०१२ मध्ये मागून पाहिला: व्यापाराशी संबंधित सहा यंत्रणा एकत्र करायच्या होत्या. मिळाला नाही. कारण साधं आहे. प्रत्येक खात्यावर देखरेख करणारी एकेक समिती असते, तिचा एकेक अध्यक्ष असतो, आणि खातं गेलं की त्याचं दुकान बंद. या सगळ्या प्रकरणातला माझा लाडका माणूस रिक पेरी. राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांच्या नोव्हेंबर २०११ च्या चर्चेत ते म्हणाले, मी तीन खाती बंद करीन. दोन सांगितली, तिसऱ्याचं नाव काही केल्या आठवेना. ते होतं ऊर्जा खातं. २०१७ मध्ये पेरी ऊर्जामंत्री झाले; त्याआधी सिनेटपुढे म्हणाले, की ते बंद करा म्हटल्याचा मला खेद आहे.

ओबामांनी मग दुसरा रस्ता धरला, आणि हाच तो खुर्चीचा प्रकार. लघुउद्योग प्रशासनाच्या प्रमुखांना त्यांनी मंत्रिमंडळ-दर्जा देऊन टाकला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूताचा दर्जा असाच येतो-जातो: निकी हॅली यांना होता, त्यांच्यानंतरच्या केली क्राफ्ट यांना नव्हता, बायडेन यांनी परत दिला. सीआयएचे विल्यम बर्न्स यांना तो जुलै २०२३ मध्ये मिळाला. काम तेच, कचेरी तीच, पण बैठकीत जागा. या दर्जाने राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसा-क्रमात स्थान मिळत नाही. तो मान पंधरा खात्यांच्या प्रमुखांचा, आणि तोही खातं स्थापन झाल्याच्या क्रमाने. टेबलावरही तोच क्रम. राष्ट्राध्यक्ष टोकाला नाही, लांब बाजूच्या मधोमध बसतो, समोर उपराष्ट्राध्यक्ष. उजवीकडे परराष्ट्रमंत्री, डावीकडे संरक्षणमंत्री, आणि नवी खाती कडेला. राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीची पाठ बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच.

‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणजे सगळीकडे हेच, असं मात्र धरू नका. श्रीलंकेतही राष्ट्राध्यक्षच मंत्रिमंडळाचे प्रमुख, पण तिथले मंत्री खासदार असावे लागतात. म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके निवडून आले तेव्हा त्यांच्या आघाडीचे संसदेत तीनच खासदार होते, आणि सगळी खाती तिघांत वाटून देश चालवला गेला: ते स्वतः, हरिणी अमरसूर्या आणि विजिता हेरत. नोव्हेंबरच्या निवडणुकीत १५९ जागा आल्या, मग २१ मंत्र्यांनी शपथ घेतली. अमेरिकेत असा पेच येऊच शकत नाही.

राहता राहिला तुमच्या प्रश्नातला शब्दांचा भाग, सेक्रेटरीला ‘सचिव’ म्हणायचं की ‘मंत्री’. आम्ही मंत्रीच लिहितो, कारण आपल्याकडे सचिव म्हणजे सनदी अधिकारी. ‘स्टेट’ परराष्ट्र, ‘ट्रेझरी’ अर्थ, इथवर ठीक. ॲटर्नी जनरल हा तिथे न्याय खात्याचा प्रमुख असतो. आपला महान्यायवादी मंत्री नसतो, म्हणून तो शब्द तसाच ठेवावा. खड्डा आहे तो ‘इंटिरियर’चा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी गेल नॉर्टन यांना ‘अमेरिकेच्या गृहमंत्री’ करून टाकलं होतं. त्या खात्याकडे पोलीस-बंदोबस्त नाही. राष्ट्रीय उद्यानं, मूळ अमेरिकी जमातींचे व्यवहार आणि देशाची साधारण एक पंचमांश जमीन आहे. गृहमंत्र्याच्या जवळपास जाईल असं काम अंतर्गत सुरक्षा खात्याकडे. तेव्हा ‘इंटिरियर’ला सार्वजनिक जमिनींचं खातं म्हणा, मथळ्यात दोन अक्षरं जास्त गेली तरी चालतील.